एकच डोमेन, दोन सर्व्हर: डीएनएसमधून ट्रॅफिक कसा विभागायचा

निकालाचा दिवस, भरतीचा अर्ज भरायची शेवटची तारीख, आषाढीचं ऑनलाइन दर्शन. एरवी सुखाने चालणारी साइट नेमकी अशा दिवशी झोपते. मग कुणीतरी सुचवतं, दुसरा सर्व्हर घ्या आणि डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत, दोन्ही आयपी टाकून द्या. सल्ला चुकीचा नाही. पण दुसरा आयपी टाकायला दोन मिनिटं लागतात आणि खरं काम त्याच्या आधी नि नंतर असतं. ते सगळं इथे क्रमाने लिहितो आहे. लिनक्स सर्व्हरवर एसएसएचने जाऊन तुम्हाला काम करता येतं, पण डीएनएसला आजवर डोमेन घेतलं तेव्हाच काय तो हात लावलाय, असं धरून चालतो.

आधी मूळ गोष्ट. ब्राउझर विचारतो, या नावाचा पत्ता काय? उत्तरात एकाच नावाचे दोन, तीन किंवा जास्त ए रेकॉर्ड (नावाचा आयपी पत्ता सांगणाऱ्या नोंदी) येऊ शकतात. नेमसर्व्हर, म्हणजे तुमच्या डोमेनच्या या नोंदी ठेवणारा सर्व्हर, दर उत्तरात त्यांचा क्रम फिरवतो, बहुतेक प्रोग्राम पहिला पत्ता उचलतात, आणि त्यामुळे गर्दी आपोआप विभागली जाते. याला राउंड रॉबिन म्हणतात. ही युक्ती वेबइतकीच जुनी आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या संस्थेने मोझेक ब्राउझर काढला आणि त्यांच्या साइटवर इतकी गर्दी झाली, की १९९४ च्या सुमारास एका नावामागे अनेक मशीन लावून ती अशीच फिरवावी लागली. एप्रिल १९९५ मध्ये या विषयावर आरएफसी (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची मालिका) १७९४ हा स्वतंत्र दस्तऐवजही निघाला.

मात्र एक गोष्ट शेवटपर्यंत लक्षात ठेवा. डीएनएस म्हणजे एसटी स्टँडवरची चौकशीची खिडकी आहे. गाडी कुठल्या फलाटावर लागते ते ती सांगेल. गाडी भरलीय का, बंद पडलीय का, हे तिला ठाऊक नसतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका मर्यादेतून निघतात.

सुरुवात करण्याआधी हाताशी काय हवं

- डोमेन रजिस्ट्रारचं लॉगिन, आणि डीएनएस दुसरीकडे असेल तर तिथलंही. ही दोन ठिकाणं वेगळी असू शकतात. नेमसर्व्हर ज्यांचे आहेत, बदल त्यांच्याच पॅनेलमध्ये करायचा. रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये रेकॉर्ड टाकून तासन् तास वाट पाहणारे खूप जण भेटतात.
- दोन सर्व्हर, प्रत्येकाला स्थिर पब्लिक आयपी. शक्यतो आयपीव्ही६ सुद्धा.
- सध्याच्या सगळ्या डीएनएस रेकॉर्डची प्रत. एमएक्स (ईमेल कुठे पोचवायचा ते सांगणारे) आणि टीएक्सटी (मजकूर ठेवणारे) धरून. पॅनेलमध्ये एक्स्पोर्टची सोय नसेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा. वेबसाइटच्या गडबडीत ईमेल बंद पडलेला परवडत नाही.
- टीएलएस सर्टिफिकेट (एचटीटीपीएससाठी लागणारं) कुठून आणि कसं मिळतं याची माहिती.
- तुमच्या मशीनवर डिग (डीएनएसला विचारायला) आणि कर्ल (वेबपान मागायला) ही दोन साधनं. विंडोजवर डिग नसेल तर एनएसलुकअप चालेल.

१. तुम्हाला हे कशासाठी हवंय ते ठरवा

लोड वाटायचाय, की एक सर्व्हर पडला तरी साइट चालू ठेवायचीय? राउंड रॉबिन पहिलं काम बऱ्यापैकी करतं, दुसरं अर्धवट करतं.

दोन्ही हवं असेल तर एक हिशेब मांडा. गर्दीच्या वेळी दोन्ही सर्व्हर सत्तर-सत्तर टक्क्यांवर चालत असतील आणि एक पडला, तर उरलेल्यावर एकशे चाळीस टक्के भार येतो आणि तोही पडतो. म्हणून प्रत्येक सर्व्हर एकट्याने सगळी गर्दी पेलेल इतक्या ताकदीचा घ्या. ते परवडत नसेल तर एक पडल्यावर साइट रांगत चालेल, हे साहेबांना किंवा क्लायंटला आधीच सांगून ठेवा.

२. दोन्ही सर्व्हर जुळे करा

ही सर्वांत लांब पायरी आहे आणि घाई बहुतेक वेळा इथेच होते. वर्डप्रेस साइटचं उदाहरण घेतो, कारण मराठीतल्या बऱ्याच साइट त्यावरच आहेत.

डेटाबेस एकच हवा. दोन सर्व्हरवर दोन स्वतंत्र डेटाबेस ठेवलेत तर एका वाचकाची प्रतिक्रिया दुसऱ्याला दिसणार नाही. डेटाबेस तिसऱ्या मशीनवर हलवा आणि त्याचं पोर्ट फायरवॉलमध्ये फक्त या दोन सर्व्हरच्या खासगी आयपींना उघडा. आता अख्खी साइट त्या एका डेटाबेसवर उभी आहे, तेव्हा त्याचा बॅकअप दोनदा तपासा.

अपलोड केलेले फोटो दुसरी अडचण. संपादकाने फोटो टाकला तो पहिल्या सर्व्हरच्या डिस्कवर गेला. दुसऱ्या सर्व्हरवर गेलेल्या वाचकाला तिथे कोरी चौकट दिसते. फोटो ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये ठेवा किंवा एनएफएसने सामायिक फोल्डर करा. दर काही मिनिटांनी आरसिंक (फाइली दुसऱ्या मशीनवर कॉपी करणारं साधन) चालवणंही चालतं, पण बातम्यांच्या साइटला तेवढा उशीरही खटकतो.

लॉगिनचं प्रकरण जास्त फसवं. वर्डप्रेसच्या डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये लांबलचक, अर्थहीन दिसणाऱ्या अक्षरांच्या आठ ओळी असतात. त्या की आणि सॉल्ट. लॉगिनची कुकी त्यांच्या आधारे तयार होते. दोन सर्व्हरवर त्या वेगळ्या राहिल्या तर एका सर्व्हरने दिलेली कुकी दुसरा मानत नाही आणि माणूस बाहेर फेकला जातो. लाराव्हेल वापरत असाल तर हेच ॲप-कीच्या बाबतीत होतं. साध्या पीएचपीत सेशन मुळात त्या-त्या सर्व्हरच्या डिस्कवर फाइल म्हणून साठतं. ते रेडिसमध्ये (दोन्ही सर्व्हरना वापरता येणारा वेगवान साठा) किंवा डेटाबेसमध्ये न्या. या चुकीचं लक्षण म्हणजे "कधीकधी आपोआप लॉगआउट होतं" अशी तक्रार, जी तुमच्या ऑफिसमध्ये बसून कधीच दिसत नाही. तुमचा ब्राउझर एकाच सर्व्हरला धरून बसलेला असतो. फोन वायफायवरून मोबाइल डेटावर गेला, पत्ता नव्याने विचारला गेला, की ती उमटते.

क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं, विसरू नका. सर्व्हरची नक्कल केली की क्रॉनची कामंही नकलली जातात, आणि रोजचं बातमीपत्र सगळ्यांना दोनदा जातं. ती कामं एकाच सर्व्हरवर ठेवा. दोन्ही सर्व्हरची घड्याळं क्रोनी या प्रोग्रामने जुळवून घ्या, म्हणजे पुढे दोन्ही लॉग शेजारी ठेवून वाचता येतील.

३. सर्टिफिकेट दोन्हीकडे, आणि नूतनीकरणासकट

लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं नेहमीचं सर्टिफिकेट घेताना तुमच्या सर्व्हरवर एक छोटी फाइल ठेवली जाते आणि त्यांची यंत्रणा ती फाइल वेबवरून मागते. डोमेनमागे दोन सर्व्हर असले, की फाइल पहिल्यावर असते आणि मागणी दुसऱ्यावर येऊ शकते. तपासणी एकापेक्षा जास्त ठिकाणांहून होते, त्यामुळे नशिबाने पास होण्याची शक्यता आणखी कमी.

यातली खोच अशी, की पहिलं सर्टिफिकेट तुम्ही एकच सर्व्हर असताना घेतलेलं असतं. ते व्यवस्थित चालतं. अडचण नूतनीकरणाच्या वेळी उभी राहते, म्हणजे सगळं विसरून गेल्यावर. म्हणून आत्ताच डीएनएस पद्धतीकडे वळा, ज्यात फाइलऐवजी टीएक्सटी रेकॉर्ड तपासला जातो. नूतनीकरण एका सर्व्हरवर चालवा, नवं सर्टिफिकेट दुसऱ्यावर कॉपी करा आणि दोन्हीकडचं एन्जिनएक्स (वेब सर्व्हरचा प्रोग्राम) रीलोड होईल अशी स्क्रिप्ट लावा.

४. डीएनएसला हात लावण्याआधी दुसरा सर्व्हर तपासा

कर्लला रिझॉल्व्ह नावाचा पर्याय आहे. त्यात डोमेन, पोर्ट आणि आयपी दिला की कर्ल डीएनएसला न विचारता थेट त्या आयपीवर जातं, पण नाव तुमच्या डोमेनचंच वापरतं. त्यामुळे सर्टिफिकेटचीही खरी तपासणी होते. ब्राउझरमध्ये बघायचं असेल तर लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलमध्ये एक ओळ टाका. काम झालं की ती ओळ काढा. राहिली तर पुढे तुम्हाला एक दिसेल आणि जगाला दुसरंच.

इथेच आणखी एक सोय करून ठेवा. दोन्ही सर्व्हरवर एन्जिनएक्समधून उत्तरासोबत एक जादा हेडर पाठवा, पहिल्यावर त्याची किंमत "एक", दुसऱ्यावर "दोन". नंतर "मला साइट तुटकी दिसतेय" असा फोन आला, की कुठल्या सर्व्हरवरून, हे ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये लगेच कळतं. पुढे फार वेळ वाचतो.

५. टीटीएल आदल्या दिवशी कमी करा

टीटीएल म्हणजे उत्तर किती सेकंद जपून ठेवायचं ती मुदत. पॅनेलमध्ये ती बहुधा ३६०० किंवा ८६४०० असते, म्हणजे एक तास किंवा एक दिवस. ती ३०० करा आणि जुनी मुदत उलटेपर्यंत थांबा. काल ८६४०० होती आणि आज ३०० केली, तरी काल उत्तर घेतलेले रिझॉल्व्हर, म्हणजे वाचकांच्या वतीने पत्ता विचारून तो जपून ठेवणारे सर्व्हर, पूर्ण दिवस जुनंच सांगत राहणार.

शून्य ठेवू नका. प्रश्नांची संख्या विनाकारण वाढते, काही डीएनएस सेवा प्रश्नांच्या संख्येवर पैसे घेतात, आणि काही रिझॉल्व्हर फार लहान मुदत मानतही नाहीत. लहान साइटला ३०० पुरेसा आहे.

६. आता दुसरा ए रेकॉर्ड जोडा

पॅनेलमध्ये जुना रेकॉर्ड "एडिट" करू नका, नवीन "ॲड" करा. नाव तेच, प्रकार ए, आयपी नवा, टीटीएल तोच. सेव्ह केल्यावर यादी अशी दिसली पाहिजे (@ म्हणजे मुख्य डोमेन; आयपी नमुन्याचे आहेत):

@ — ए — ३०० — २०३.०.११३.१०
@ — ए — ३०० — १९८.५१.१००.२०

एकाच नावाच्या, एकाच प्रकारच्या सगळ्या रेकॉर्डचा टीटीएल सारखाच हवा, असं १९९७ चा आरएफसी २१८१ सांगतो. या टप्प्यावरचे सापळे:

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेलं नाव आणि नसलेलं नाव ही दोन वेगळी नावं आहेत. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू हा मुख्य नावाचा सीनेम (एका नावाकडून दुसऱ्या नावाकडे पाठवणारा रेकॉर्ड) असेल तर काही करायला नको. तिथेही स्वतंत्र ए रेकॉर्ड असेल तर दुसरा आयपी तिथेही जोडा.

सीनेम दोन टाकून गर्दी विभागता येत नाही. एका नावाला एकच सीनेम चालतो, आणि मुख्य डोमेनवर तर सीनेम मुळीच चालत नाही.

मोठ्या सर्व्हरकडे जास्त ट्रॅफिक जावा म्हणून तोच रेकॉर्ड दोनदा टाकून उपयोग नाही. हुबेहूब सारखे रेकॉर्ड एकच धरले जातात. मोठ्या सर्व्हरला दुसरा आयपी घेऊन दिलात तर मात्र जमतं. वजन देण्याची सोय असलेली सेवा घेतलीत तर आणखी सोपं. ॲमेझॉनच्या रूट ५३ या डीएनएस सेवेत ० ते २५५ असं वजन देता येतं.

क्लाउडफ्लेअरचा नारिंगी ढग (ट्रॅफिक आधी त्यांच्या सर्व्हरवरून नेणारी सोय) चालू असेल तर बाहेरून तुमचे आयपी दिसणारच नाहीत, त्यांचे दिसतील. घाबरू नका.

डोमेन .भारत मधलं, देवनागरी असेल, तर झोन फाइलमध्ये आणि काही पॅनेलमध्ये ते प्युनीकोड रूपात, म्हणजे इंग्रजी अक्षरांत बदलून, द्यावं लागतं. आधीच्या रेकॉर्डमधलं रूप बघा आणि तेच वापरा.

७. आयपीव्ही६: भारतात हे सोडून चालणार नाही

आयपीव्ही६ म्हणजे नव्या, लांब पद्धतीचे आयपी पत्ते; वरचे नमुन्याचे पत्ते जुन्या आयपीव्ही४ पद्धतीचे आहेत. याला वेगळी पायरी दिली कारण परदेशी मार्गदर्शकांमध्ये हा मुद्दा एका ओळीत उरकलेला असतो. आयपीव्ही६ वापरणाऱ्या देशांमध्ये भारत वरच्या रांगेत आहे आणि त्यात जिओच्या नेटवर्कचा वाटा मोठा आहे. तुमचे वाचक मोबाइलवरून येत असतील तर त्यांतले बरेचसे आयपीव्ही६ वरून येतात.

समजा पहिल्या सर्व्हरला आयपीव्ही६ आहे आणि त्याचा चार-ए रेकॉर्ड (आयपीव्ही६ पत्त्याची नोंद, जिच्या प्रकारात ए हे अक्षर चार वेळा लिहितात) कधीकाळी टाकलेला आहे. दुसऱ्याला फक्त ए रेकॉर्ड दिला. फोन दोन्ही प्रकारचे पत्ते मागतो आणि आयपीव्ही६ मिळाला तर त्याला प्राधान्य देतो. परिणाम असा, की जिओवरचे जवळपास सगळे लोक पहिल्याच सर्व्हरवर जातात. डीएनएसमध्ये सगळं बरोबर दिसतं, ऑफिसच्या ब्रॉडबँडवरून तपासलं तरी बरोबर दिसतं, आणि पहिला सर्व्हर मात्र घामाघूम.

दोन्ही सर्व्हरना चार-ए रेकॉर्ड द्या. दुसऱ्याला आयपीव्ही६ मिळतच नसेल तर तोवर पहिल्याचाही काढा. आयपीव्ही६ नेटवर्कवरच्या फोनना जुन्या पत्त्यांवर जाण्याची सोय ऑपरेटरने दिलेली असते. रेकॉर्ड टाकल्यावर त्या सर्व्हरचं फायरवॉल आणि एन्जिनएक्स आयपीव्ही६ वर खरोखर ऐकतंय का, ते पाहा. आयपीव्ही४ चे नियम आयपीव्ही६ ला आपोआप लागू होतीलच असं नाही.

८. विभागणी खरंच होतेय का ते बघा

आधी डिगने थेट तुमच्या नेमसर्व्हरला विचारा, मग गूगलच्या ८.८.८.८ ला. दोन्हीकडे दोन्ही आयपी दिसले आणि पुन्हापुन्हा विचारल्यावर क्रम बदलला, की डीएनएसचं काम झालं. क्रम बदलतच नसेल तर तुमच्या डीएनएस सेवेची सेटिंग बघा. स्वतःचं बाइंड (नेमसर्व्हरचा प्रोग्राम) चालवत असाल तर त्यात आरआरसेट-ऑर्डर नावाचा पर्याय आहे.

मग दोन टर्मिनल शेजारीशेजारी उघडा आणि दोन्ही सर्व्हरचा ॲक्सेस लॉग टेल करून ठेवा. पहिल्या काही मिनिटांत दुसऱ्या खिडकीत एखादी ओळ उमटते, मग दोन-चार, आणि टीटीएल उलटला की दोन्हीकडे ओळी सारख्या वेगाने धावायला लागतात.

नेमके पन्नास-पन्नास टक्के कधीच होणार नाहीत. काही ऑपरेटिंग सिस्टिम मिळालेल्या पत्त्यांचा क्रम स्वतःच्या नियमाने पुन्हा लावतात. हा नियम २००३ च्या आरएफसी ३४८४ मध्ये आला आणि २०१२ च्या आरएफसी ६७२४ मध्येही राहिला. काही प्रोग्राम सुरू होताना एकदाच पत्ता विचारतात आणि तोच धरून बसतात. साठ-चाळीस आलं तर समाधान माना. नव्वद-दहा आलं तर सातव्या पायरीवर परत जा.

९. सर्व्हर पडला तर काय होईल ते आधी समजून घ्या, मग पाडून बघा

पडणं तीन तऱ्हांचं असतं आणि तिन्हींचा परिणाम वेगळा होतो.

मशीन चालू आहे पण एन्जिनएक्स बंद: कनेक्शन लगेच नाकारलं जातं, ब्राउझर यादीतला पुढचा पत्ता घेतो, वाचकाला बहुधा कळतही नाही. या बाबतीत राउंड रॉबिन छान आहे.

मशीनच बंद किंवा फायरवॉल गपचूप पॅकेट गिळतंय: ब्राउझर उत्तराची वाट पाहत बसतो. काही ब्राउझर आरएफसी ८३०५ प्रमाणे पाव सेकंदाने दुसरा पत्ताही आजमावतात, पण सगळे नाही. निम्म्या लोकांसमोर चक्र फिरत राहतं.

तिसरी तऱ्हा सगळ्यांत वाईट. एन्जिनएक्स चालू आहे पण पीएचपी मेलंय. ५०२ ची चूक हेही ब्राउझरच्या दृष्टीने रीतसर आलेलं उत्तरच आहे. तो दुसरीकडे जात नाही. निम्मे वाचक चूक बघत राहतात आणि तुमच्या फोनवर साइट ठणठणीत दिसते.

म्हणून हेल्थ चेक लागतो. तपासणारी यंत्रणा ठरावीक वेळाने प्रत्येक सर्व्हरचं एक खास पान मागते आणि उत्तर नीट नसेल तर त्या आयपीला डीएनएसच्या उत्तरातून वगळते. रूट ५३ मध्ये ही तपासणी दर ३० किंवा १० सेकंदांनी होते, आणि बदलली नाही तर सलग ३ वेळा नापास झाल्यावर सर्व्हर आजारी धरला जातो. म्हणजे ३० सेकंदांच्या तपासणीत ९० सेकंद, अधिक टीटीएल ३०० ऐवजी ६० ठेवला तर त्याचे ६०, एकूण अडीच मिनिटं. स्वतःचा नेमसर्व्हर चालवणाऱ्यांना पॉवरडीएनएस या प्रोग्रामच्या लुआ रेकॉर्डमध्ये (छोटा कोड लिहिता येणाऱ्या रेकॉर्डमध्ये) असंच करता येतं.

तपासणीचं पान नुसतं "ठीक" छापणारी फाइल नको. त्याने पीएचपीतून जाऊन काहीतरी करावं. पण डेटाबेसची तपासणी त्यात घालताना विचार करा. डेटाबेस क्षणभर अडखळला तर दोन्ही सर्व्हर एकदम आजारी ठरतील. रूट ५३ अशा वेळी सगळ्यांना निरोगी मानून उत्तर देत राहतं. तुमची सेवा काय करते ते वाचून घ्या.

मग एखाद्या निवांत रात्री या तिन्ही तऱ्हा मुद्दाम घडवून बघा. निकालाच्या सकाळी पहिल्यांदा कळण्यापेक्षा हे बरं.

१०. ठरवून केलेली दुरुस्ती

ज्या सर्व्हरवर काम करायचंय त्याचे ए आणि चार-ए रेकॉर्ड काढा. टीटीएल उलटू द्या. मग लगेच बंद करू नका; लॉग उघडून बसा आणि ओळी थांबेपर्यंत थांबा. काही बॉट आणि जुने प्रोग्राम बराच वेळ येत राहतात, त्यांच्यासाठी अडून राहायची गरज नाही. माणसं थांबली की काम सुरू करा.

११. याच्या पुढे केव्हा जायचं

गर्दी विभागताना सर्व्हरवरचा त्या क्षणाचा भार बघायचा असेल, किंवा काही सेकंदांत सर्व्हर बदलायला हवा असेल, तर डीएनएस त्यासाठी नाही. एचएप्रॉक्सी किंवा एन्जिनएक्सचा लोड बॅलन्सर (येणारी प्रत्येक मागणी मागच्या सर्व्हरमध्ये वाटणारा प्रोग्राम) पुढे लावा. तो एकच असेल तर तोही पडू शकतो, म्हणून मोठ्या साइट दोन लोड बॅलन्सर ठेवतात आणि त्या दोघांमध्ये पुन्हा डीएनएसने विभागणी करतात. इथे शिकलेलं वाया जात नाही.

वाचक वेगवेगळ्या खंडांत असतील तर जवळचा पत्ता देणारं डीएनएस असतं. मराठी विकिपीडिया भारतातून उघडलात तर पान साधारणपणे सिंगापूरच्या केंद्रातून येतं; विकिमीडिया त्यासाठी जीडीएनएसडी हा मुक्त नेमसर्व्हर वापरतं. सगळे वाचक महाराष्ट्रात असतील तर तुम्हाला याची गरज नाही.

१२. दुसरा सर्व्हर परत करताना

हंगाम संपला, खर्च वाचवायचा म्हणून दुसरा सर्व्हर बंद करायचा ठरला, की आधी रेकॉर्ड काढा आणि मगच सर्व्हर डिलीट करा. क्लाउडवर सोडलेला आयपी थोड्याच वेळात दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. रेकॉर्ड तसाच राहिला तर तुमचे निम्मे वाचक तुमच्याच नावाने अनोळखी माणसाच्या मशीनवर जातील, आणि तो माणूस फाइल पद्धतीने तुमच्या डोमेनचं सर्टिफिकेट मिळवण्याचाही प्रयत्न करू शकतो. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू आणि चार-ए रेकॉर्ड या वेळी हमखास राहून जातात. डेटाबेसच्या फायरवॉलमधून त्या सर्व्हरचा आयपीही काढा, आणि सर्टिफिकेट कॉपी करणाऱ्या स्क्रिप्टमधूनही.